सरफोजींची सही
* तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी जमवलेल्या युरोपीय छापील ग्रंथांपैकी अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. हे ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मालकाचा हात लागलेली अशी प्रत अभ्यासकाला कोऱ्या प्रतीहून मोलाची. उदाहरणार्थ, १४८८ साली फ्लॉरेन्सला प्रथमच ग्रीकमध्ये छापलेल्या होमरची, गिलॉम ब्यूदे या फ्रेंच पंडिताकडची प्रत प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. ब्यूदे होमर कसा वाचत होता, हे तिच्या समासांतल्या टिपणांवरून उलगडते. सरफोजींनी ग्रंथ नुसते जमवले नाहीत, छापलेही; त्यांच्या आश्रयाने ग्रीक परंपरेतला इसाप मराठीत आला. सखण्णा पंडितांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे भाषांतर १८०६ मध्ये राजांच्याच छापखान्यात देवनागरीत छापले गेले. त्या तुलनेत मुंबईच्या अमेरिकन मिशनचे पहिले मराठी पुस्तक निघाले ते १८१७ मध्ये.