सॉसेजच्या आत काय आहे?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एअर फ्रायर आला. बायको शाळेतून साडेपाचला येते, मी सातला. दोघांनाही स्वयंपाकाचा कंटाळा आला की चिकन सॉसेज १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवायचे, मध्ये एकदा उलटायचे, सोबत कांदा, लिंबू आणि पाव. ताटात शेंगाचटणी असतेच, शेवटी आम्ही सोलापूरचे. पहिल्याच दिवशी अम्मीने एक सॉसेज चिमटीत धरून विचारले, "इसमें भरेला क्या है?" मी पाकिटावरचा हलालचा शिक्का दाखवला. ती म्हणाली, "शिक्का तो है, काटनेवाला कौन है?"

मी तेव्हा हसलो. पण पुढे या पदार्थाचा इतिहास वाचताना लक्षात आले, की अम्मीचा प्रश्न मुस्लिम शहरांनी आठशे वर्षांपूर्वीच विचारला होता.

सॉसेज म्हणजे साहेबाचा किंवा गोव्यातल्या पोर्तुगीजांचा पदार्थ, असा आपला समज असतो. गोव्याचे चोरीस डुकराच्या मांसाचे, त्यामुळे हा प्रकार मुळातच आपला नव्हे असे वाटते. प्रत्यक्षात दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने संकलित केलेल्या पाकग्रंथात सॉसेजच्या कृती आहेत. अरबीत त्याला 'लकानिक' किंवा 'नकानिक' म्हणत. हा शब्द लॅटिन 'लुकानिका'वरून आला, आणि तो दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतावरून. अंदालुस आणि उत्तर आफ्रिकेत 'मिर्कास' होते, तेच आजचे मर्गेझ. तुर्कांकडे 'सुजुक' आहे. नावे निरनिराळी, पण काम एकच. बारीक केलेले मांस, चरबी, मीठ आणि मसाला जनावराच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचा. यामुळे मांस टिकते आणि उरलेसुरलेही वाया जात नाही.

आपल्याकडे मांस टिकवण्याचे काम उन्हाने केले. बकरी ईदनंतर गच्चीवर दोरीला टांगलेल्या मांसाच्या पट्ट्या अनेकांनी लहानपणी पाहिल्या असतील. मराठवाड्यातल्या दलित घरांत त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. मात्र वाळवलेली पट्टी डोळ्यांना दिसते. सॉसेजचे तसे नाही. आत काय भरले, हे फक्त भरणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणूनच मध्ययुगीन मुस्लिम शहरांत या धंद्यावर खास नजर होती. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला मुहतसिब म्हणत. बाराव्या शतकात सीरियातल्या अल-शैझरी याने मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात सॉसेज करणाऱ्यांवर वेगळे प्रकरण आहे. या धंद्यात भेसळीला फार वाव आहे, तेव्हा त्यांची जागा मुहतसिबच्या चौकीजवळच असावी, असा त्याचा सल्ला आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मांस विकणारा मुसलमान होता, राज्य मुसलमानांचे होते, तरी तेवढ्यावर कुणी निर्धास्त राहिले नाही. विकणाऱ्याचा धर्म कोणता, यापेक्षा त्याचा माल खरा आहे का, हे पाहिले गेले. त्या देखरेखीचा लाभ बाजारात येणाऱ्या ख्रिस्ती आणि यहुदी गिऱ्हाइकालाही होताच.

महाराष्ट्राच्या खेड्यांत एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नव्हती. तिथे मुलाणी होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात गावकामगारांच्या वर्णनात मुलाण्यालाही जागा आहे. मशिदीची व्यवस्था, निकाह आणि बकरे कापणे ही त्याची कामे. जत्रेतला नवसाचा बकरा असो की पाटलाच्या घरचा, सुरी मुलाण्याची. कित्येक गावांत मराठा कुटुंबेही मुलाण्याने न कापलेले मटण खात नसत. 'काटनेवाला कौन है' या प्रश्नाचे उत्तर सगळ्या गावाला तोंडपाठ होते, आणि ते उत्तर सगळ्या गावाला मान्य होते.

कारखाने आले आणि कापणारा नजरेआड झाला. शिकागोच्या कत्तलखान्यांवर अप्टन सिंक्लेअरने 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. त्यातल्या सॉसेजच्या वर्णनाने अमेरिका हादरली आणि १९०६ सालीच तिथे मांस तपासणीचा कायदा झाला. आपल्याकडे १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला, २००६ मध्ये अन्नसुरक्षा कायदा. दरम्यान आतड्याची जागा कारखान्यातल्या वेष्टनांनी घेतली. कोलॅजनचे वेष्टन बहुधा गुरांच्या कातड्यापासून बनते, सेल्युलोजचे वनस्पतीपासून. म्हणजे चिकन सॉसेज घेतानाही वेष्टन कशाचे, हा प्रश्न उरतोच. हलालचा शिक्का हा या सगळ्या न दिसणाऱ्या साखळीसाठी दिलेला शब्द आहे. त्याची चौकशी करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, आणि ती चौकशी आपणच आधी करायला हवी.

आज मात्र शिक्क्यावरचा वाद वेगळ्याच दिशेने चालला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार प्रमाणपत्र' जाहीर झाले. कुणी झटका खावे, कुणी हलाल, कुणी काहीच खाऊ नये. त्यात भांडण्यासारखे काही नाही. पण दुकानाची ओळख मालाच्या खरेपणाऐवजी दुकानदाराच्या धर्मावरून होऊ लागली, तर मुलाण्याच्या सुरीवर शेकडो वर्षे टिकलेला विश्वास आपण विनाकारण गमावू. आणि भेसळ करणारा मात्र दोन्ही शिक्क्यांआड सुखाने राहील.

राहिला एअर फ्रायर. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने तो बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. नाव तळणीचे असले तरी आत तापलेली तार आणि जोराचा पंखा एवढेच असते. ती खरे तर छोटी भट्टी आहे. शिगडीवर शीक भाजतात, तशीच यात सुकी आच लागते. हे कळल्यावर अम्मीने त्याचा ताबा घेतला.

आता ती ओळखीच्या खाटकाकडून समोर काढलेला अर्धा किलो खिमा आणायला लावते. त्यात आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला आणि दोन चमचे डाळव्याचे पीठ. चांगला मळून अर्धा तास थंड ठेवायचा, बोटाएवढे लांबट गोळे करायचे, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि १८० अंशांवर बारा-चौदा मिनिटे. गर्दी करायची नाही, नाहीतर वारा फिरत नाही. एक मोडून पाहायचा, आत गुलाबी दिसला तर आणखी दोन मिनिटे.

वेष्टन नाही, शिक्का नाही. पाकिटातले सॉसेज अजूनही कधीमधी येते, कारण सातला घरी पोचणाऱ्या माणसाला खिमा मळायची उमेद रोज नसते. अम्मी तेही खाते. फक्त आधी पाकीट मागून घेते, चष्मा लावते आणि मागची बारीक अक्षरे शेवटपर्यंत वाचते.