दरिद्रगृहाची नवी पाटी

अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानांत पूर्वीं निराश्रितांचा लिलाव होत असे, आणि तोही उलटा! त्यांस पोसण्यासाठीं गांवाकडे जो सर्वांत कमी पैसा मागेल, त्याच्या घरीं त्यांची रवानगी. येट्स यांच्या चौकशीनंतर, १८२४ च्या कायद्यानें, कौंटी म्हणजे जिल्हावार दरिद्रगृहें बांधण्याचें ठरलें. हेतु उदार, पण वेडे, पोरके, म्हातारे सारे एकाच छपराखालीं आले. १८७५ च्या कायद्यानें मुलें निघालीं, १८९० नंतर वेडे सरकारी इस्पितळांत गेले. मागें उरले बहुतेक म्हातारेच.

आम्हांस विचार करण्याजोगी वाटते ती १९३५ च्या सामाजिक सुरक्षितता कायद्यांतील अट. वृद्धांस साहाय्य मिळालें, परंतु सरकारी संस्थेंत राहणाऱ्यास तें नाकारलें. दरिद्रगृहें ओस पडावीं, हाच उद्देश. पण अंथरुणास खिळलेल्यानें जावें कोठें? साहाय्याचे पैसे घेऊन कित्येक वृद्ध खासगी ‘नर्सिंग होम’मध्यें गेले. (हें आपल्याकडील छोटें इस्पितळ नव्हे, पंगु वृद्धांचें बहुधा अखेरचें घर.) १९५० मध्यें सार्वजनिक वैद्यकीय संस्थांपुरती ती अट सैल झाली, आणि अनेक जिल्हा-दरिद्रगृहांवरही तीच पाटी चढली. पुष्कळ ठिकाणीं इमारत मात्र जुनीच होती.