कारखान्याची आग आणि संग्रहालयाची आग

ग्रंथालय जळाले म्हणजे हळहळ का वाटावी, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु जुन्या मोटारसायकली जळाल्या तर इतिहासाचे काय गेले, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. यंत्र ते यंत्र. एक गेले तर दुसरे करता येते. आणि लोखंड जळते तरी कुठे? आज या साध्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे. त्यासाठी इंग्लंडच्या मध्यभागातील तीन आगी मी आपल्यापुढे ठेवतो. तिन्ही जागा एकमेकींपासून मोटारीने तासाभराच्या आत गाठता येतील अशा आहेत. तिन्ही आगींत फटफट्यांचेच नुकसान झाले. तरीसुद्धा तिन्हींचा परिणाम सारखा नाही.

आपल्याकडे इचलकरंजी म्हटले की जसे माग आठवतात, तशी बर्मिंगहॅम आणि कॉव्हेंट्री ही एके काळी सायकलींची व मोटारसायकलींची गावे होती. बर्मिंगहॅमला बी. एस. ए., नॉर्टन, एरिअल, व्हेलोसेट. दक्षिणेस थोड्या अंतरावर रेडिचला रॉयल एन्फील्ड. आणि कॉव्हेंट्रीस ट्रायम्फ. ट्रायम्फ आधी सायकली करीत असे. 1902 साली तिने पहिली मोटारसायकल बाजारात आणली. 1937 साली एडवर्ड टर्नर यांनी रचलेली दोन सिलिंडरांची ‘स्पीड ट्विन’ निघाली आणि तिचे अनुकरण पुढे सर्वांनीच केले.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर बाँबचा वर्षाव केला. शहराचे जुने कॅथीड्रल जळाले, तसाच गावाच्या मध्यभागी असलेला ट्रायम्फचा कारखानाही जळाला. तयार यंत्रे गेली, आराखडे गेले, नोंदी गेल्या. ही आपली पहिली आग. पण पुढे काय झाले? ढिगाऱ्यातून कामाजोगी निघाली ती अवजारे उचलून कामगारांनी वॉरिकला तात्पुरता संसार थाटला, आणि 1942 साली मेरिडेन येथे नवा कारखाना उभा राहिला. युद्ध संपल्यावर स्पीड ट्विन पुन्हा रस्त्यावर धावू लागली. कागद जळाले होते. पण तो कागद ज्यांच्या डोक्यात होता ती माणसे कामावर हजर होती.

दुसरी आग अलीकडची. मेरिडेनचा कारखाना 1983 साली बंद पडल्यावर ट्रायम्फचे नाव नव्या मालकाने घेतले व हिंक्ली येथे नव्याने आरंभ केला. 15 मार्च 2002 रोजी या कारखान्याचा मोठा भाग आगीत गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तेथे पुन्हा गाड्या तयार होऊ लागल्या. येथेही तेच घडले: आराखडे, सुटे भाग पुरविणारे कारखानदार, कसबी कामगार हे सारे हयात होते. जिवंत झाडाची फांदी तोडली तर नवी फुटते, तसा हा प्रकार.

आता तिसऱ्या आगीकडे वळू. 1970 नंतर इंग्लंडचा हा धंदा झपाट्याने बसला. जपानी गाड्या स्वस्त होत्या, तेल गाळत नव्हत्या, बटण दाबताच सुरू होत होत्या. मोठमोठी नावे एकामागून एक पुसली गेली. मेरिडेनच्या कामगारांनी कारखाना बंद होऊ नये म्हणून दारे अडविली, 1975 पासून सहकारी तत्त्वावर तो चालविला, पण तोही अखेर टिकला नाही. तो बंद झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 साली, तेथून काही मैलांवर सॉलिहलजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम उघडले. ज्या धंद्याचे कारखाने मिटले, त्याची साक्ष आता पाच दालनांत शिस्तीने उभी राहिली.

16 सप्टेंबर 2003 रोजी या संग्रहालयास आग लागली. कारण काय निघाले? पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगात पडलेले सिगारेटचे एक थोटूक! त्या दिवशी इमारतीत एका परिषदेसाठी पाहुणे जमले होते. त्यांनी व नोकरवर्गाने मिळून तीनशेहून अधिक मोटारसायकली हातांनी ढकलीत बाहेर काढल्या. तरी पाचांपैकी तीन दालने गेली आणि सुमारे 380 गाड्या जळाल्या. लोखंड जळत नाही हे खरे. पण ॲल्युमिनियम 660 अंशांस वितळते, आणि जुन्या इंजिनांची कवचे बहुधा त्याचीच असतात. रंग, कातडे, रबर यांची तर गोष्टच नको.

इमारत पुन्हा बांधण्यात आली. आग लागताच आपोआप पाणी फवारणारी योजना तीत बसविली गेली. 1 डिसेंबर 2004 रोजी दारे उघडली. जळालेल्यांपैकी अनेक गाड्याही निष्णात कारागिरांनी पुन्हा घडविल्या. मग तक्रार कशाची?

श्रोतेहो, भेद येथेच आहे. 1940 आणि 2002 साली जळाला तो माल. तो करणारे हात शिल्लक होते. 2003 साली जळाला तो पुरावा, आणि तो निर्माण करणारे हात बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेलेले. पुन्हा घडविलेली गाडी दिसते तशीच, आवाजही तसाच करते. परंतु मूळ कारागिराच्या कानशीचा ओरखडा, कारखान्यातला पहिला रंग, मालकाने वाटेत केलेली ओबडधोबड दुरुस्ती, हे तिच्यावर नसते. जुनी गाडी ‘ती कशी केली होती’ हे सांगत होती. नवी घडविलेली गाडी ‘ती कशी केली असावी असे आम्हांस वाटते’ एवढेच सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन वाक्यांतले अंतर फार मोठे आहे.

यंत्राची आठवण टिकण्याचा आणखी एक मार्ग आहे, व तो आपल्या देशाने दाखविला. 1955 साली मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडून, पुढे भाग येथेच घडवून ‘बुलेट’ तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना 1967 साली बंद झाला. मद्रासची बुलेट मात्र निघतच राहिली. तेव्हा रेडिचची विद्या काचेच्या कपाटात नव्हे, तर मद्रासच्या कामगारांच्या हातांत जगली.

यावरून घ्यावयाचा धडा असा. वस्तू जपली पाहिजे, पण वस्तूबरोबर तिची विद्याही टिपून ठेवली पाहिजे. आपल्या गावातही जुनी यंत्रे आहेत: एखादा छापखान्याचा खिळा जुळवायचा घोडा, एखादे तेलाचे इंजिन, कोणाच्या पडवीत उभी असलेली आजोबांची फटफटी. तिचे छायाचित्र घ्या, मापे लिहा, आणि ती दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री अजून असेल तर त्याच्याजवळ बसून तो सांगेल ते उतरवून घ्या. ही वही मात्र त्या यंत्राजवळ ठेवू नका. दुसऱ्या घरी ठेवा. थोटूक कोणाच्या हातून कधी पडेल, हे सांगता येत नाही.