लांकडांतील चिरंतनता

प्राचीन वास्तु म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें पाषाण उभा राहतो; जपानी स्थपतींनीं लांकूड पत्करलें. नारा प्रांतांतील होर्युजी मठाच्या कांहीं इमारती सुमारें १३०० वर्षें टिकल्या आहेत. इसे येथील देवालयाची रीत निराळी. तें दर २० वर्षांनीं शेजारच्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लांकडानें हुबेहूब नवें बांधतात. परंपरेनुसार इ. स. ६९० मध्यें सुरू झालेली ही प्रथा १५ व्या-१६ व्या शतकांतील यादवींत शंभराहून अधिक वर्षें खंडित झाली. तरी २०१३ सालीं ६२ वें नवनिर्माण पार पडलें. प्रत्येक बांधणींत जाणता सुतार नवशिक्यास घडवितो. लांकूड नवें, विद्या जुनी! आम्ही लेण्यांचा अभिमान वाहतों. परंतु तीं कोरणारी विद्या जतन करण्याची चिंता आम्हीं कितीशी वाहिली?