पौर, जानपद आणि वसईची एकोणतीस गावे

'नागरिक' हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की, त्याच्या पोटात 'नगर' दडलेले आहे याची आठवण सहसा कोणास होत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील नागरिक हा नगराचा कारभार पाहणारा राजाचा अधिकारी होय. वात्स्यायनाचा नागरक हा शहरातील सुखवस्तू रसिक. राज्याच्या कारभारात वाटा असलेला सामान्य मनुष्य हा अर्थ या शब्दास पाश्चात्त्य राज्यशास्त्राच्या परिचयानंतर आला. ज्या इंग्रजी शब्दाचा तो प्रतिशब्द ठरला, तोही नगरवाचक शब्दापासूनच निघालेला. तत्पूर्वी मराठी कागदपत्रांत सामान्य मनुष्य भेटतो तो 'रयत' म्हणून. हा अरबी शब्द मुळात चरणाऱ्या कळपाचा. राखणदार चांगला असो वा वाईट, कळपाने त्यास जाब विचारावयाचा नसतो.

संस्कृतात आणखी एक जोडशब्द होता : पौरजानपद. पुरात राहणारे ते पौर, पुराबाहेरील मुलखातले ते जानपद. या राजसत्तेस आवर घालणाऱ्या दोन सभाच होत्या, असे काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. अनंत सदाशिव अळतेकरांनी ते मान्य केले नाही. सभांपुरता अळतेकरांचाच पक्ष सबळ आहे. परंतु राज्यात दोन प्रकारची वस्ती असते आणि दोहोंचा उल्लेख करावा लागतो, एवढे भान त्या जोडशब्दात निश्चित होते. आधुनिक मराठीने राजकीय अर्थासाठी त्यातील नगराची बाजू तेवढी उचलली. 'जानपद' हा शब्द गीतांच्या अभ्यासापुरता उरला.

गळलेल्या अर्ध्या भागाचे पुढे काय होते, हे वसईच्या इतिहासात पाहावयास सापडते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांस दिली. तटाच्या आत वसलेल्या शहरास स्वतःची नगरसभा होती, पण ती तेथील पोर्तुगीज रहिवाशांची. भोवतालची गावे वार्षिक खंडाने पोर्तुगीज धारकांकडे लावून दिलेली असत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने कंपनीशी तह केला तो याच ठिकाणी. राज्ये बदलली, रयतेस विचारण्याचा प्रघात कोणाचाच नव्हता.

राज्यघटनेने तो निकालात काढला. नागरिकत्वाची मुख्य कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच, म्हणजे उर्वरित घटनेच्या आधी, अमलात आली, आणि त्यांत नगर व गाव असा भेद नाही. मात्र मनुष्य शासनाशी प्रत्यक्ष कोठे बोलतो, येथे तो भेद पुन्हा डोके वर काढतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक ग्रामस्थ ग्रामसभेचा घटक असतो. तेथे तो उभा राहून हिशेब विचारू शकतो. महानगरपालिकेत त्याच्या वतीने नगरसेवक बोलतो.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा हा फरक तात्त्विक राहिला नाही. वसईचा पश्चिम पट्टा केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांचा. गोड्या पाण्याची बावखले हा त्याचा आधार. येथे वाडवळी बोलतात, कादोडी बोलतात. १९९० साली सिडकोकडे नियोजन गेल्यापासून इमारतींची धास्ती येथे होतीच, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसई संरक्षण समिती तीमधूनच उभी राहिली होती. गावांचा विरोध तीव्र झाला. त्याचे नेतृत्व करणारे विवेक पंडित त्याच वर्षी अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले.

दुसरी बाजूही खरी होती. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली होती. एवढ्या लोकांस सूर्या धरणाचे पाणी आणणे एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले नव्हे. शासन कशासाठी, या प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरे येथे समोरासमोर उभी होती : पाणी, रस्ते, दिवे पुरविण्यासाठी, की लोकांनी पिढ्यानपिढ्या उभे केलेले जीवन राखण्यासाठी?

३१ मे २०११ रोजी राज्य शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. महानगरपालिका उच्च न्यायालयात गेली व निर्णयास स्थगिती मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने तो निर्णयच मागे घेऊन गावांच्या समावेशाची अधिसूचना काढली. नागरी क्षेत्र ठरविताना घटनेचे कलम २४३-क्यू लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार यांचा विचार करण्यास सांगते. रहिवाशांची संमती त्या यादीत नाही. त्यांच्यासाठी असतात त्या 'हरकती व सूचना'. 'हरकत' हा शब्दही अरबीच. तेथे त्याचा अर्थ नुसती हालचाल, मराठीत आल्यावर तो आक्षेप झाला. गावकऱ्यांनी हरकती नोंदविल्या तेव्हा महानगरपालिकेत त्या ऐकण्यास नगरसेवकही नव्हते. दुसऱ्या सभागृहाची मुदत २०२० सालीच संपली होती आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.