चोपचिनी : एका परदेशी मुळीचा गोमंतकातील इतिहास

काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मागितली, तर तांबूस तपकिरी, गाठाळ आणि हाताला जड लागणारे तुकडे मिळतात. आपण तिला मुळी म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो जमिनीखालचा कंद. आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीच्या कुळातली ही वेल मूळची चीनकडची. तिचे नावच तिचा प्रवास सांगते. फारसीत ‘चोब’ म्हणजे लाकूड. ‘चोब-इ-चीनी’ म्हणजे चीनचे लाकूड. संस्कृत निघंटूने तिला ‘द्वीपांतरवचा’ म्हटले, म्हणजे दुसऱ्या द्वीपातून आलेले वेखंड. आज ती शक्तिवर्धक औषध म्हणून ओळखली जाते. पण आपल्याकडे ती आली ती एका भयंकर रोगाच्या मागोमाग.

१४९५ च्या सुमारास इटलीतील युद्धात हा रोग युरोपात भडकला. इटालियनांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि आपण त्याला ‘फिरंग’ हे नाव दिले. व्यवहारात त्याला गरमी म्हणत. चीनमध्ये तो दक्षिणेकडून वर सरकला, म्हणून त्याला कँटनचा व्रण असेही म्हणू लागले. दोष दुसऱ्याच्या गावावर टाकायचा, ही रीत सर्वत्र एकच! तेथील वैद्यांनी त्यावर याच जातीच्या कंदाचा उपयोग सुरू केला, आणि व्यापाऱ्यांनी तो १५३५ च्या सुमारास गोव्यात आणला.

त्याच सुमारास, १५३४ मध्ये, गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याने वैद्यकी केली. १५६३ मध्ये जुन्या गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींविषयक संवादग्रंथात एक पूर्ण संवाद या मुळीवर आहे. तोवर तिची कीर्ती युरोपात पोचली होती. बादशहा पाचव्या चार्ल्सने संधिवातासाठी तिचा काढा घेतला होता, आणि त्याच्या दरबारातील शरीरशास्त्रज्ञ व्हेसॅलियसने १५४६ मध्ये तिच्यावरचे पत्र प्रसिद्ध केले होते. तो फारसा प्रभावित झाला नव्हता. ऑर्ताने मात्र ती रोग्यांना देऊन पाहिली होती.

सोळाव्या शतकातच भावमिश्राने ‘भावप्रकाश’ रचला. त्यात फिरंगरोगाचे लक्षण आहे, आणि उपचारांत चोपचिनीचे चूर्ण मधातून घ्यावे, मीठ वर्ज्य करावे, असे सांगितले आहे. परंपरेने जखडलेले म्हणून ज्या शास्त्राची हेटाळणी होते, त्याने नवा रोग आणि नवे औषध अशा रीतीने एकाच शतकात आपल्या संहितेत सामावून घेतले, तेही फारसी नावासकट.

औषध खरोखर लागू पडे काय? या रोगाचा पहिला व्रण काही न करताही काही आठवड्यांत भरून येतो आणि रोग आत दडून राहतो. त्यामुळे श्रेय औषधाला जाई. दुसरा मोठा उपाय पाऱ्याचा. त्याने दात हलत, लाळ गळे, माणूस खंगे. त्यापुढे हा काढा सौम्य वाटला, यात नवल नाही. खरा उतारा विसाव्या शतकात पेनिसिलिनने दिला.

पण मला लक्ष वेधायचे आहे ते औषध देणाऱ्या हातांकडे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन लिहितो की येथील हिंदू वैद्य डोक्यावर छत्री धरवून हिंडत, आणि व्हाइसरॉय, आर्चबिशप व पाद्रीसुद्धा स्वदेशीय डॉक्टरांपेक्षा त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवत. दुसरीकडे १६१८ मध्ये नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसवर आणून बांधली. विश्वासही त्यांच्यावर आणि बंधनही त्यांच्यावरच! ऑर्ताच्या ग्रंथात मालुपा हा एक हिंदू वैद्य बोलतो खरा. पण छत्रीखालच्या त्या बहुतेकांची नोंद झाली ती ‘पंडित’ या एका शब्दात. खुद्द ऑर्ताही सुटला नाही. तो ज्यूवंशीय होता. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

आमोण्याच्या अंगाने वाहणारी मांडवी पुढे दिवाडीला वळसा घालून जुन्या गोव्याला पोचते. त्या काळी डिचोली आणि पेडणे आदिलशाहीत होते; पोर्तुगीज अंमल तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. म्हणून दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला. देव आले तसे भक्तही आले. काही कुटुंबे दक्षिणेकडे कोचीनला गेली. त्या सारस्वत समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांनी डच अधिकारी व्हान ऱ्हीड याला ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथासाठी साहाय्य केले. १६७५ मध्ये त्यांनी कोंकणीत, नागरी लिपीत दिलेला दाखला १६७८ च्या पहिल्या खंडात छापला आहे. तिथे वैद्य आपल्या नावाने, आपल्या अक्षरांत उभे आहेत.

फरक एका कागदाचा आहे. म्हणून विनंती एवढीच : डिचोली-पेडण्यातील ज्या घरांत वैद्यकी होती, तिथल्या फडताळात जुने बाड असेल, तर ते रद्दीत घालू नका. एखाद्या पानावर चोपचिनीचे माप असेल, मीठ वर्ज्य करण्याची सूचना असेल, आणि शेवटी लिहिणाऱ्याचे नावही असेल. गोमंतकाच्या इतिहासाला त्या नावाची गरज आहे.