जुनाट दुखणे: शरीर, मन आणि दोस्ताची साथ

३ महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. अनेकदा जखम भरते, तरी मज्जासंस्था धोक्याचा इशारा देतच राहते. काळजी आणि अपुरी झोप तो वाढवतात. म्हणजे दुखणे खरेच असते, नाटक नसते. अमळनेर परिसरात हमाली, कापूस वेचणी करणाऱ्यांना कंबरदुखी नवी नाही.

दोस्त बेजार असेल तर इयादतीला जा. ‘तुला काही झालेलंच नाही’ म्हणू नका. ऐकून घ्या, रोज थोडं सोबत चाला.

पाय बधिर होणे, लघवीवर ताबा न राहणे, ताप, वजन घटणे दिसले तर लगेच डॉक्टर गाठा. जळगाव, धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. ‘जीव नकोसा झालाय’ म्हणाला तर एकटं सोडू नका. टेलिमानस १४४१६, मोफत, २४ तास.